बाबा चांगले होते, पण घरी कुठे होते?

पत्र नेरूळहून आलंय. मोठं आहे, थोडं कापून देते.

"ताई, माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते, चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. मागच्या वर्षी गेले, ७१ वर्षांचे होते. अडीच महिन्यांनी वर्षश्राद्ध आहे. दादा पुण्याला असतो, त्याला त्या दिवशी संध्याकाळी मोठा कार्यक्रम करायचाय, भावे नाट्यगृहाची चौकशीसुद्धा करून झाली, स्मरणिका छापायचीय आणि 'तू बरं लिहितेस' म्हणून मुख्य लेख माझ्या गळ्यात टाकलाय. बाबांच्या शिपवरच्या मित्रांचा ग्रुप आहे, तिथे रोज कोणीतरी लिहितं की असा दिलदार माणूस होणे नाही, जग फिरला पण पाय जमिनीवर, फॅमिली मॅन वगैरे. मी लिहायला बसले की हातच चालत नाही. माझा जन्म झाला तेव्हा ते नव्हते. आजी गेली तेव्हा नव्हते. माझ्या दहावीला नव्हते. तेराव्याला अलिबागहून एक जण आलेला, रडत सांगत होता की साहेबांनी माझ्या क्लास फोरची, म्हणजे बोटीवरच्या इंजिनिअरच्या परीक्षेची, फी भरली, ओरल्सच्या आदल्या रात्री अकरापर्यंत माझी तयारी घेतली. मी त्याला चहा दिला आणि आत जाऊन खूप रडले, पण ते रडणं बाबांसाठी नव्हतं. बाबा वाईट नव्हते हो, घरी असले की इतके लाड करायचे. मला कळतच नाहीये काय लिहू. आई म्हणते कशाला ते सगळं, गेलं माणूस, पण त्यांच्या मोबाईलला दर महिन्याला रिचार्ज मात्र करते आणि दादा त्यावरून चिडतो. कपाटात एक बॅग आहे, पत्रं, फोटो, शिपची कागदपत्रं. अजून कोणी उघडली नाही. काय करू?"

बाई गं, पहिल्यांदा रिचार्जचं बोलते कारण बाकी सगळं थांबेल पण ते थांबणार नाही. आई बरोबर करतेय. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते आणि मग पुढे कोणा दुसऱ्याला देऊनही टाकते, आणि व्हॉट्सअॅपचं अकाउंट साधारण १२० दिवस उघडलंच नाही तर ते उडतं. म्हणजे त्यांचे व्हॉइस मेसेज, नातवंडांना पाठवलेले फोटो, जे काय त्या फोनवर असेल ते परत उघडता येईलच याची खात्री नाही. तेव्हा रिचार्ज चालू ठेवा, महिन्यातून एकदा त्या नंबरवरून एक फोनही करत जा, आणि या रविवारी दादाला म्हण की चिडण्याऐवजी बाबांच्या फोनचा पूर्ण बॅकअप घे, घरच्यांबरोबरचे चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट कर आणि दोन ठिकाणी ठेव, एक हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाईन. ते झालं की मग नंबर ठेवायचा की नाही हे आई ठरवेल. दादा नाही, तूही नाही. आणि हे पण बघ की 'कशाला ते सगळं' म्हणणारी बाई दर महिन्याला न चुकता पैसे भरतेय, तर तिच्या त्या 'कशाला'वर फार जाऊ नको.

आता लेखाचं. तुझा हात का चालत नाहीये हे मला तुझ्या पत्रातच दिसलं. ग्रुपवर जो माणूस आहे तो त्यांचा आहे, शिपवरचा. तो त्यांनी बघितलाय, सहा-सहा आठ-आठ महिने एका मेसमध्ये जेवलेत ते, ते खोटं बोलत नाहीयेत. पण तुला सांगितलंय काय, तर तो त्यांचा माणूस तू तुझ्या शब्दांत लिही. कसा लिहिशील? तू त्या शिपवर नव्हतीसच. आणि तू ज्या घरात होतीस त्या घराबद्दल कोणी विचारतच नाहीये. बोटीवरच्या माणसाचं आयुष्य कायम दोन ठिकाणी चाललेलं असतं, एक तो असतो तिथे आणि एक तो नसतो तिथे, आणि मला विचारशील तर दुसरं पण त्याचंच असतं. ते वगळून स्मरणिका काढलीत तर ती फार तर कंपनीच्या फेअरवेलला वाचायला बरी.

म्हणून मी तुला लेख लिहायलाच सांगत नाहीये. आधी बॅग उघड.

त्यात सीडीसी असेल. तुला माहीत असेलच, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते, बोटीवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे पासपोर्टसारखं एक पुस्तक असतं, सरकारच्या डीजी शिपिंगकडून मिळतं, त्यात प्रत्येक शिपचं नाव, कुठल्या तारखेला कुठल्या बंदरात साइन ऑन केलं, कुठे साइन ऑफ झालं हे शिक्क्यासकट लिहिलेलं असतं. तुझे बाबा पस्तीस-छत्तीस वर्षं सेलिंग करत असतील तर एकापेक्षा जास्त पुस्तकं असतील, जुनी भरली की नवीन घेतात. एखादं गहाळ असेल तर घाबरू नको, इन्कम टॅक्सची फाईल शोध. ही सगळी मंडळी एनआरआय स्टेटससाठी भारतात किती दिवस राहिलो ते १८२ दिवसांचं गणित घालून बसलेली असतात आणि सीएकडे त्या पानांच्या झेरॉक्स दरवर्षी जातात. म्हणजे तुझ्या बाबांचं सगळ्यात अचूक चरित्र बहुतेक टॅक्सच्या फायलीत पडलंय आणि कोणाच्या लक्षात नाहीये. मला तर हे फारच आवडलं.

आता एक मोठी वही घे, आडवी धर, मध्ये रेघ मार. डावीकडे सीडीसीतून उतरवून काढ, शिप, तारीख, बंदर. उजवीकडे त्या त्या महिन्यांत घरी काय चाललेलं ते लिही. तुझा जन्म, दादाची मुंज असेल तर ती, आजीचं आजारपण, घर बदललं ते, तुमची प्रगतिपुस्तकं (त्यावर सही कोणाची आहे बघ, प्रत्येक सही आईची असणार आणि ती पण एक नोंदच झाली), नेरूळला राहायला कधी आलात, १९९२ ला वाशीपर्यंत लोकल सुरू झाली तेव्हा बाबा इथे होते का, की रजेवर आले आणि त्यांना कळलं की आता टॅक्सीऐवजी ट्रेनने येता येतं. जिथे आठवत नाही तिथे रिकामं सोड.

उजवी बाजू तुला एकटीला भरता येणार नाही, तिथे आई लागेल. पण तिच्यासमोर मोबाईल रेकॉर्डर ठेवून 'आई सांग ना बाबांबद्दल' असं करू नको, ती उठून आत जाईल. मटार सोलताना किंवा मेथी निवडताना वही शेजारी ठेव आणि नुसतं शिपचं नाव वाच. मी अशा घरांत बघितलंय, या बायकांना सालं आठवत नाहीत, शिप आठवतात. अमुक शिपवर होते तेव्हा तुला गोवर आला, तमुकच्या वेळी गॅसचा नंबर लागला. एक नाव वाचलंस की ती तासभर बोलेल, आणि मधेच 'तुला नाही माहीत ते' म्हणून गप्प झाली तर झाली. पुढच्या नावाला जा.

आणि तिला हे नक्की विचार की तुला भीती कधी वाटली. बाबा ऐंशीच्या दशकात टँकरवर असतील तर इराण-इराक युद्ध चालू होतं, १९८४ पासून पुढे तर दोन्ही बाजू पर्शियन गल्फमध्ये तेलाच्या जहाजांवरच हल्ले करत होत्या आणि आपली पोरं त्या जहाजांवर होती. तेव्हा घरी फोन असला तर असला. नाहीतर पत्र, तेही बंदरातल्या एजंटच्या हातून, महिना-महिना जुनं. म्हणजे बातम्यांत गल्फमध्ये जहाज पेटलं असं ऐकायचं आणि आपलं माणूस कुठे आहे याचा पत्ता महिन्यापूर्वीच्या पत्रातला. आणि नंतर रिटायरमेंटच्या जवळ आल्यावर २००८ पासून तीन-चार वर्षं सोमाली चाच्यांचं प्रकरण होतं, एडनच्या आखातातून जाताना हे लोक रात्ररात्र जागे असायचे, तेव्हा तू मोठी होतीस, तुला आठवत असेल की आई न्यूज लागली की चॅनल बदलायची का. मित्र कार्यक्रमात सांगतील की आम्ही कसे निघालो तिथून, मस्त रंगवून सांगतील. त्या रात्री नेरूळच्या फ्लॅटमध्ये काय होतं ते सांगणारी एकच व्यक्ती आहे आणि तिला कोणी स्टेजवर बोलावणार नाहीये.

दादाला हे वाचून दाखव.

आता मित्र. ते सत्तरी ओलांडलेले असणार, त्यांच्याकडे जा, आणि कार्यक्रमाची वाट न बघता जा, कारण माईक हातात आला की चांगली चांगली माणसं 'दिवंगत' आणि 'पोकळी' असलं काहीतरी बोलायला लागतात. एकेकाला भेटण्यापेक्षा दोघांना एकत्र बसव, एक जण म्हणेल डर्बन, दुसरा म्हणेल छे, सांतोस, आणि त्या भांडणात तिसरीच गोष्ट बाहेर येते जी दोघंही विसरलेले असतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डिंग लाव, पंखा बंद कर, आपल्याकडचे पंखे रेकॉर्डिंगमध्ये वादळासारखे ऐकू येतात. आणि 'बाबा कसे होते' विचारू नको. त्याला उत्तर एकच, देवमाणूस. त्यापेक्षा विचार की सेकंड इंजिनिअर असताना चार ते आठचा वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, असायचा ना, तर सकाळी आठला वर आले की काय करायचे. मेसमध्ये कोणाशेजारी बसायचे. चिडले की कसे चिडायचे, कोणावर. जुगार खेळायचे का. पत्र आलं नाही तर काय करायचे. घरचे फोटो लावले होते का केबिनमध्ये, आणि कुठे. सीमेन्स क्लबमध्ये जाऊन फोन कार्ड घेऊन लाईनीत उभे राहायचे ते कोणासोबत आणि फोन झाल्यावर परत येताना बोलायचे का गप्प असायचे.

काकांच्या गोष्टींतल्या लाटा दर वर्षी वाढतात हे लक्षात ठेव. वीस फुटांची लाट आता पन्नास फुटांची झालेली असेल, तिथल्या तिथे दुरुस्त करू नको, घरी येऊन वहीत तारीख तपास, तेवढं पुरे.

'जग फिरला' याबद्दल पण एक सांगते. आपल्याला वाटतं बोटीवर म्हणजे वर्ल्ड टूर. इंजिन रूमचा माणूस सुएझचा १९३ किलोमीटरचा कालवा पार करतो तेव्हा बरेचदा खाली असतो, आणि रेड सीमध्ये उन्हाळ्यात खाली पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्याला बाहेरचा उंट पण दिसत नाही. सुरुवातीच्या काळात, जनरल कार्गोच्या शिप होत्या तेव्हा बंदरात आठवडा-आठवडा पडून राहायच्या, तेव्हा ही पोरं गावं फिरली, फुटबॉल खेळली, फोटो काढले. नंतर कंटेनर आले, शिप सकाळी आत आणि दुसऱ्या दिवशी बाहेर, त्यात चीफला बंकरिंग (इंधन भरणं), स्पेअर पार्ट, इन्स्पेक्शन, पाय जमिनीला लागायचा नाही. तर स्मरणिकेत देशांची यादी छापू नका प्लीज. मला खात्री आहे दादाने ती करायला घेतली असेल, झेंड्यांसकट. त्याऐवजी त्यांनी आणलेली एक-एक वस्तू घ्या. १९९१ च्या आधी क्राफ्टचं डब्यातलं चीज, निव्हिया, सीकोचं घड्याळ, डबल कॅसेटवाला टेप म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला बघायला यायचं, त्यातलं काय कोणाला दिलं, घरात काय उरलं, तुझ्या वाटेला काय आलं. वस्तूचा फोटो आणि खाली दोन ओळी. माणूस त्यात दिसतो, कोणासाठी काय आणायचं हे त्याच्या लक्षात होतं का ते दिसतं.

हं, आता अलिबागवाल्याकडे येऊ, तू मला खरं तर त्याच्याचसाठी लिहिलंयस.

तुला राग आला ते बरोबर आहे. त्याचं समर्थन वगैरे मी करणार नाही की बाबांची नोकरीच तशी होती, त्यांनी तुमच्यासाठीच केलं सगळं. हे तुला वर्षभर सगळ्यांनी ऐकवलं असेल. ते खरं असेलही, पण दहावीच्या पोरीला त्याने काय होतं. मला एवढंच दिसतं की बोटीवर वीस-पंचवीस माणसं असतात, त्यात तो ज्युनिअर पोरगा रोज जेवायला समोर बसायचा, त्याचा चेहरा पडला की कळायचं, त्याच्याकडे पैसे नाहीत हेही कळायचं. तुझा चेहरा पडलेला त्यांना एजंटच्या हातून महिन्याने कळायचा, आणि तूही लिहिलं नसशील, मुलं असलं लिहीत नाहीत. माया करायला माणूस समोर लागतो. त्यांच्यासमोर तो होता.

याने तुझं काही कमी होणार नाही, मी त्यासाठी सांगतही नाहीये.

तू त्या अलिबागवाल्याला फोन कर. त्याचे आभार नकोत, तुझं दुःख त्याला सांगायचं पण नाही, त्याचा काय दोष. फक्त विचार की तुझी ती ओरल्स कुठल्या साली होती, कुठला महिना. आणि वहीत डाव्या बाजूला लिही. मग बघ उजवीकडे त्या महिन्यात काय आहे. कदाचित तुझी दहावी त्याच्या आसपासही नसेल. कदाचित त्याच वर्षी असेल. असेल तर दोन्ही ओळी तशाच छापा, शेजारी शेजारी, डावीकडे 'ज्युनिअर इंजिनिअरची तयारी रात्री अकरापर्यंत घेतली' आणि उजवीकडे 'मुलीची दहावी, बाबा घरी नव्हते'. खाली काहीही लिहू नका. दादा म्हणेल बरं दिसत नाही. बरं दिसण्यासाठी बाकीची चौदा पानं आहेत त्याला.

बॅगेतल्या पत्रांत तुझ्या दहावीबद्दल काही सापडेल या आशेने पत्रं वाचू नको. सापडलं तर सापडलं. नाही सापडलं तर तेही वहीत जाईल, रिकामा चौकोन म्हणून. आणि आई-बाबांची एकमेकांना लिहिलेली पत्रं आईला विचारल्याशिवाय उघडायची नाहीत, ती जिवंत आहे, पत्रं तिची आहेत. ती म्हणाली जाळून टाक तर एक महिना वेळ माग, पण शेवटी तिचंच ऐक.

कागदांची थोडी काळजी घे, नवी मुंबईच्या पावसात या बॅगेचं काय झालं असेल देव जाणे. पत्रं आणि सीडीसी लॅमिनेट करायला कोणी सांगेल, अजिबात करू नको, ते परत निघत नाही आणि आतला कागद खराब होतो. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकू नको, आत दमट राहतं, साध्या कागदी लिफाफ्यात घालून कपाटाच्या मधल्या खणात ठेव. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नको, फाटतात, अल्बमसकट खिडकीपाशी उजेडात नेऊन फ्लॅश न लावता मोबाईलने फोटो काढ. सुटे असतील ते स्कॅन कर, लहान फोटोंना ६०० डीपीआय ठेव. आणि फोटोच्या मागे नाव लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. फोटोतले लोक ओळखायला तेच दोन-तीन काका लागतील, म्हणून पण म्हणते लवकर जा. ग्रुपवर टाकायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सअॅप त्याची पार चटणी करतं.

कार्यक्रमाचं माझं मत विचारशील तर भावे नाट्यगृह सोडा. सकाळी घरी विधी असतील ते आईला हवेत तसे होऊ देत, संध्याकाळी सोसायटीचा हॉल घ्या, खुर्च्या गोल मांडा, स्टेज नको, सूत्रसंचालन तर अजिबातच नको. वहीची पानं मोठी झेरॉक्स करून एका भिंतीवर लावा, तारखेप्रमाणे, आणि खाली दोऱ्याने पेनं बांधून ठेवा. लोक आपोआप तिथे जाऊन उभे राहतील, हे बंदर चुकलंय म्हणतील, रिकाम्या जागी भर घालतील, शेजारच्या काकू उजवीकडे लिहितील की त्या वर्षी तुमच्याकडे पाणी नव्हतं तेव्हा तुझी आई आमच्याकडून भरून न्यायची. खायला बटाटेवडे नाहीतर बाबांना जे आवडायचं ते. तू भाषण करायचं नाही. कोणी आग्रह केला तर म्हण मी लिहिलंय ते भिंतीवर आहे.

आणि त्यानंतरच छापा. कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तिका हातात हवी हा दादाचा हट्ट आहे, पण भिंतीवर लोक जे लिहितील ते त्यात यायला नको का? महिनाभराने छापा, मग घरोघरी द्यायला जा, तेवढ्या निमित्ताने काकांच्या घरी पुन्हा एक चक्कर होईल. सोळा पानांच्या वर जाऊ नका, मध्ये पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात हे प्रेसवाला सांगेलच. रंगीत चार पानं पुरे, वस्तूंच्या फोटोंसाठी.

कव्हरवर युनिफॉर्ममधला फोटो टाकायचा की रजेवर आल्यावर लुंगीतला, यावर तुम्ही दोघं भांडणार आहात हे मला आत्ताच दिसतंय. आईला दोन्ही दाखवा, ती बोट ठेवेल तो.

काकांना फोन आजच कर. चारनंतर कर पण, दुपारी जेवून झोपतात ती माणसं.